परुळेकरांची टिचकी

भिकाजी परुळेकरांच्या फोनला कोणी विचारलं असतं, की बाबा रे, तुझा मालक कोण, तर त्याने सांगितलं असतं: एक होऊ घातलेली नवरी, डोक्यावर पूर्ण टक्कल, कडेवर जुळी पोरं, दारात उंट, आणि येत्या थंडीत बर्फातून गाडी चालवत जायचा बेत. प्रत्यक्षात परुळेकर आखातात, रास अल खैमातल्या एका वॉशबेसिनच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. साठीला टेकले होते. डोक्यावर केस भरपूर होते. आणि बर्फ त्यांनी फक्त लिंबाच्या सरबतात पाहिला होता.

आम्ही एकाच मजल्यावर, समोरासमोर राहायचो. मी पुण्याचा, फ्री झोनमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करणारा. त्यामुळे इमारतीतल्या झाडून सगळ्या मराठी वायफायचा मी फॅमिली डॉक्टर होतो. परुळेकर मला नावाने कधी हाक मारत नसत. 'पुणेकर' म्हणत, आणि त्या एका शब्दात माझी जात, गोत्र आणि स्वभावदोष सगळं बसवत.

फोन हळू चालतोय म्हणून ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. मी फोन उघडला आणि जाहिरातींचा लोंढाच अंगावर आला. नववधूचा मेकअप. केसांचे टोप. जुळ्यांची बाबागाडी. उंटाचा चारा. बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काका, हा फोन आणखी कोण वापरतं का?"

"मीच. का रे?"

"नाही, लग्न कोणाचं आहे?"

"कोणाचं नाही. पेरणी केलीय."

पेरणी म्हणजे काय, ते मला पुढे समजलं. रोज सकाळी आंघोळ, देवाची पूजा आणि चहा झाला की परुळेकर बाल्कनीत खुर्ची टाकून बसत आणि ज्या गोष्टींशी आपला काडीचा संबंध नाही अशा गोष्टी इंटरनेटवर मन लावून शोधत. त्यात शिस्त होती. काल बाबागाडी बघितली तर आज पाळणा बघायचा नाही, आज ट्रॅक्टर. आणि समोर येईल त्या प्रत्येक जाहिरातीवर टिचकी मारायची. "दारात आलेल्याला पाणी विचारावं," असं म्हणून ते केसांच्या टोपावरही टिचकी मारत आणि हातमोज्यांवरही.

"अहो काका, एवढा खटाटोप कशाला?" मी म्हटलं. "मी ब्लॉकर टाकून देतो. जाहिरात दिसणारच नाही. खलास!"

"म्हणजे दार लावून घ्यायचं."

"बरोबर."

"दार लावलं की बाहेरच्याला काय कळतं?"

"काय?"

"आत कोणीतरी आहे, हे कळतं. मी दार सताड उघडं ठेवतो आणि आत गर्दी करतो. शोध म्हणावं आता परुळेकर कुठला तो!"

मी त्यांना शास्त्र समजावून सांगायला गेलो. म्हटलं, कंपन्यांचे कॉम्प्युटर तुमच्या टिचक्यांपेक्षा हुशार असतात, ते खरं-खोटं निवडतात, शिवाय अशाने जाहिराती वाढतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि माझ्याच फोनवर चटकन 'भाड्याने बँडवाले' असं शोधून फोन परत दिला. पुढचा महिनाभर मला बँडवाले येत राहिले.

टिचकी हा त्यांचा धंदाच होता म्हणा. भट्टीतून निघालेल्या बेसिनला मधल्या बोटाच्या नखाने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजलं तर पास. आत डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर असेल तर बद्द वाजतं. कारखान्यात आता मशीनही होतं, पण मशीननंतर परुळेकरांची टिचकी झाल्याशिवाय माल खोक्यात जात नसे. ह्या सवयीचा संसर्ग त्यांच्या उरलेल्या आयुष्यालाही झाला होता. सुपरमार्केटात कलिंगडं, नारळ आणि फ्रीज ते सारख्याच गांभीर्याने वाजवून बघत. माझ्या नव्या गाडीच्या दाराला टिचकी मारून त्यांनी "ठीक आहे" एवढंच म्हटलं, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या मुलीच्या डोक्यावर भेटल्याबरोबर एक टिचकी ठरलेली. ती वैतागून म्हणायची, "आजोबा, आय ॲम नॉट अ बेसिन!"

माणसांनाही हाच न्याय. नवा मॅनेजर कसा आहे, असं विचारलं की ते क्षणभर विचार करत आणि म्हणत, "दिसायला फर्स्ट क्वालिटी. पण बद्द."

त्यांच्या पेरणीमागे त्यांच्याच नावाची गोष्ट होती, आणि ती ते ऐकणाऱ्याला सोडत नसत. त्यांच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली होती. म्हणून हे जन्मल्याबरोबर आईने त्यांना शेजारणीच्या सुपात घातलं, आणि मग शेजारणीच्या दारात जाऊन, मूठभर तांदूळ देऊन, पदर पसरून मागून आणलं. भीक मागून आणला म्हणून भिकाजी. पाचव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहायला आली, तेव्हा तिच्या हिशेबी हे पोर परुळेकरांचं नव्हतंच.

"माझ्या आयेन दार लावल्यान नाय," परुळेकर म्हणत. गोष्टीच्या ह्या टप्प्यावर त्यांना मालवणी फुटायची. "दार लावून सटवाई थांबता? पत्तो चुकवल्यान. आता सांग, सटवाय मोठी की तुझो गुगल?"

यावर इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला कोणी उत्तर शिकवलेलं नव्हतं.

ह्या सगळ्या गडबडीत एकच माणूस स्थिर होतं. सुनंदाकाकू. काकू अंगाने किरकोळ, बोलायला मोजक्या आणि सोलकढी करण्यात अधिकारी. कोकणात, गावी परुळ्याला ह्या दोघांनी नवं घर बांधलं होतं. न्हाणीघराला परुळेकरांनी स्वतः वाजवून घेतलेल्या टाइल्स होत्या. त्या घरात काकू मे महिन्यापलीकडे कधी राहिल्या नव्हत्या, आणि त्यांना राहायचं होतं. दर वर्षी त्या विचारायच्या, "यंदा जायचं ना?" आणि दर वर्षी परुळेकर "इन्शाल्ला" म्हणायचे. आखातात इन्शाल्लाचा अर्थ काय होतो ते इथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे.

एका गणपतीत मात्र काकूंनी आरतीला जमलेल्या सगळ्यांसमोर विचारलं. परुळेकर पेचात आले आणि हातात आरतीचं ताट धरून बोलून गेले, "बाप्पासमोर सांगतो. हा कान आहे तोवर मी कारखान्यात. ज्या दिवशी कान जाईल, त्या दिवशी कपाटातून पासपोर्ट काढ. एक दिवस जास्त राहणार नाही."

काकूंनी गणपतीला नमस्कार केला. परुळेकरांनीही केला, पण जरा घाईघाईने. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही.

मग उंट आला. म्हणजे उंटाचा फोन आला. पेरणीच्या भरात परुळेकरांनी उम्म अल कुवैनच्या कुणा सालेमच्या जाहिरातीवर टिचकी मारून वर फॉर्मही भरला होता, नाव, नंबर आणि 'उंट कशासाठी हवा?' ह्याच्यापुढे 'फॅमिली यूज'. सालेम अतिशय अदबशीर माणूस. रोज फोन करायचा. "ब्रदर बिकाजी, द कॅमल इज वेटिंग."

"ब्लॉक करा नंबर," मी म्हटलं.

"तो वाट बघतो ते ठीक आहे रे. मुकं जनावर वाट बघतंय. असं कसं ब्लॉक करू?"

शेवटी सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. एरवी परुळेकर कुणाच्या गाडीत बसायचे नाहीत, स्वतःच चालवायचे. पण त्यांची गाडी गॅरेजला होती म्हणून मी चालवत होतो आणि ते शेजारी, म्हणजे इथल्या पद्धतीने माझ्या उजवीकडे. वाटेत मी बऱ्याच गप्पा मारल्या. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, उंटाचं दडपण असेल.

सालेमने गालिचा अंथरला होता. कावा, म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर दिले, आणि उंट पुढे आणला. उंट चांगला धिप्पाड होता आणि त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून मला माझ्या पुण्याच्या एका दुकानदाराची आठवण झाली. परुळेकर हात मागे बांधून त्याच्याभोवती गंभीरपणे एक फेरी मारून आले. वाकले. आणि त्यांनी उंटाच्या गुडघ्याला टिचकी मारली.

"दूध कितना देती है?" त्यांनी विचारलं.

"हबीबी," सालेम हळुवारपणे म्हणाला, "ये मर्द है."

तेवढ्यात टिचकीचा अपमान उंटाच्या डोक्यात शिरला असावा. त्याने मान वाकवून परुळेकरांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि असा काही डरकाळला, की माझ्या हातातला कावा शर्टावर सांडला. सालेमचा गडी दोन पावलं मागे उडाला. कुंपणापलीकडच्या शेळ्या पळत सुटल्या. आणि परुळेकर? परुळेकर शांतपणे सालेमला विचारत होते, "ॲव्हरेज क्या है? एक बाल्टी पानी में कितना चलता है?"

मी सर्द झालो. उंटावरचा शहाणा ऐकला होता, उंटाखालचा बहिरा आज पाहिला.

सौदा मोडायला परुळेकरांनी "वाइफ विल नॉट लाइक द कलर" असं कारण दिलं. सालेमने दुःखाने मान हलवली. "खलास. वाइफ इज वाइफ." आणि वर खजुरांचा डबा दिला.

परतताना मी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली, उतरलो, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूच्या खिडकीशी गेलो आणि विचारलं, "काका, डाव्या कानाने ऐकू येतं का?"

त्यांनी पंपावरच्या माणसाकडे तोंड फिरवलं.

"पुणेकर, तुझं शिक्षण काय?"

"कॉम्प्युटर."

"मग कानातलं तुला काय कळतं?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "डावा गेला. उजवा नोटीस पिरियडवर आहे."

"आणि बेसिन?"

त्यांनी मधलं बोट वर केलं. त्यात काही वाईट हेतू नव्हता. "आता बोटाने ऐकतो. कंप येतो ना हाताला. अजून एक तुकडा चुकीचा गेला नाहीये. पण शब्द दिला तो कानाचा दिलाय रे, बोटाचा नाही. हिला कळलं तर संपलं. परुळ्यात मी काय करणार? तिथे वाजवायला काय आहे? नारळ?"

मग पेरणीचं खरं बी बाहेर आलं. कधीतरी त्यांनी कानाच्या मशीनची माहिती खरोखरच बघितली होती. एकदाच, असं ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून जिकडे तिकडे कान. बातम्या वाचायला गेलं तर कान, क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलं तर कान. आणि घरातलं अकाउंट दोघांचं एकच असल्यामुळे काकूंच्या टॅबवर, पाककृतीच्या व्हिडिओत फोडणी बसण्याआधी, कान. घाबरून त्यांनी कानावर उंट टाकला, उंटावर बाबागाडी टाकली, त्यावर टोप टाकला. नवरीचा मेकअप, ट्रॅक्टर, बर्फाच्या साखळ्या, सगळं त्या एका कानाला गाडून टाकायला होतं.

मला त्यांचं हसूही आलं आणि वाईटही वाटलं. म्हटलं, "काका, ऐका माझं. काकूंच्या टॅबवर ब्लॉकर टाकू. एका मिनिटाचं काम. कानच काय, काहीच दिसणार नाही."

त्यांनी उजवा कान माझ्याकडे करून हे दोनदा ऐकलं. "टाक," म्हणाले. सटवाईला हरवणाऱ्या आईचा मुलगा पुण्याच्या दाराला कडी लावायला तयार झाला, ह्याचा मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी परुळेकर ड्यूटीवर असताना मी काकूंकडे गेलो. काकू टॅबवर आंबोळीचा व्हिडिओ बघत होत्या. मी माझं भाषण सुरू केलं: जाहिराती बंद होतील, टॅब जलद होईल, डोळ्यांना त्रास नाही.

काकूंनी टॅब उचलून मांडीवर उलटा ठेवला.

"नको रे बाबा. त्या जाहिराती घालवू नको. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस तोंडाने एक गोष्ट सरळ सांगेल तर शपथ. जे काय कळतं ते ह्या जाहिरातींतून."

"पण काकू, त्या सगळ्या खोट्या आहेत! काका मुद्दाम काहीही शोधतात."

"ठाऊक आहे. उंट आला, चार दिवस राहिला, गेला. टोप आला, गेला. ती बाबागाडी आली तेव्हा मी जरा दचकले, पण तीही गेली." काकू शांतपणे म्हणाल्या. "कान काय गेला नाही. रोज एकदा येतोच. रोज जाऊन बघतात ते, मशीन कुठलं, केवढ्याला, कानात दिसतं की नाही. खोटं रोज नवं लागतं. खरं तेच ते असतं."

जगभरच्या मोठमोठ्या कंपन्या ज्यासाठी कॉम्प्युटरची कोठारं बांधतात, ते आमच्या मजल्यावरच्या काकू आंबोळीचं पीठ भिजवता भिजवता करत होत्या.

"मग... पासपोर्ट?" मी विचारलं. "शब्द दिलाय त्यांनी. तुम्ही जिंकलात की."

"जिंकून काय करू?" काकूंचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. "मी म्हटलं, तुमचा कान गेला, तर ते म्हणणार, नाही गेला. मग ते खोटं रेटत राहणार माझ्यासमोर, रोज. आणि धरून नेलंच गावी, तर पडवीत बसून राहतील हात बांधून. मला घर हवंय, पण असा माणूस घेऊन नको." मग त्या एकदम हसल्या. "त्यापेक्षा माझाच कान गेला."

"म्हणजे?"

"काय म्हणालास? मोठ्याने बोल."

आणि त्या दिवसापासून सुनंदाकाकू बहिऱ्या झाल्या.

परुळेकरांनी ही बातमी मला लिफ्टमध्ये सांगितली. चेहऱ्यावर काळजी होती आणि काळजीच्या खाली, काही केल्या दबत नाही असा, आनंद होता. "हिचा कान गेला रे, पुणेकर! बिचारी. आता मलाच मोठ्याने बोलावं लागतं." आता घरात दोघंही मोठ्याने बोलत, टीव्ही मोठ्याने चाले, आणि कुणी कुणाला 'काय?' म्हटलं तरी कुणाला संशय येत नसे. खालच्या वॉचमनने मला बाजूला घेऊन विचारलं, "साब, अंकल-आंटी का झगडा चल रहा है क्या?"

झगडा कसला, त्यांचं इतकं छान कधीच चाललं नव्हतं. मी एकदा समोर बसून ऐकलंय. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "भाजी कुठली करू?"

"राजी?" परुळेकर ओरडले. "कोण राजी?"

"ताजीच आहे, सकाळीच आणली!" काकूंनी ओरडून सांगितलं, आणि चांगली भेंडी झाली.

पेरणी बंद झाली. गरजच उरली नाही. परुळेकर आता राजरोस, दिवसाढवळ्या कानाच्या मशीनवर टिचक्या मारत होते. "हिच्यासाठी!" माझ्याकडे बघून डोळा मिचकावत म्हणत, "आता येऊ दे किती जाहिराती येतात त्या." दोघांची गुपितं माझ्या पोटात होती. आमच्या घरात त्या काळात मी फारच कमी बोलायचो, त्यामुळे बायकोला वाटलं माझंच काहीतरी बिनसलंय.

पण परुळेकर बायकोवर माया करणारा माणूस. गंमत चार दिवस टिकली, मग त्यांना काकूंच्या कानाची खरीच काळजी वाटायला लागली. त्यांनी क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट घेतली. काकू म्हणाल्या, "मी येते, पण तपासणी जोडीने. सत्यनारायणाला बसतो ना, तशी." परुळेकरांना हो म्हणावं लागलं. नेणारा मी.

कान तपासणारी शीबा नावाची मलयाळी मुलगी होती. काचेच्या बंद खोलीत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. बारीक बारीक शिट्ट्या असतात. आधी काकू आत गेल्या. काकूंनी बटण दाबलंच नाही. हेडफोनमध्ये शीबाने अगदी बोंब वाजवली तरी काकू हात मांडीवर ठेवून देवळात बसल्यासारख्या बसून होत्या.

मग परुळेकर गेले. आत शिरताना त्यांनी मला अंगठा दाखवला. त्यांनी बटणाचा सपाटा लावला. शिट्टी असो नसो, टकटक, टकटक. शीबा मशीन बंद करून पाणी प्यायला उठली, तेव्हाही ते दाबत होते.

ती परत आली, दोघांना समोर बसवलं आणि मला म्हणाली, "सर, आंटी को कुछ भी सुनाई नहीं देता. अंकल को वो भी सुनाई देता है जो मैंने बजाया नहीं."

एकाने दार लावून घेतलं होतं, एकाने आत गर्दी केली होती. आमचा इतक्या महिन्यांचा वाद त्या दोन कागदांवर छापून आला होता आणि दोन्ही कागद बिनकामाचे होते.

शीबा काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती फाइल घ्यायच्या निमित्ताने दोघांच्या पाठीमागे गेली आणि अगदी हळू म्हणाली, "आंटी, आपका पर्स खुला है."

काकूंनी झटकन पर्स बघितली.

"अंकल," शीबा तेवढ्याच हळू आवाजात म्हणाली, "आपका फोन नीचे गिर गया."

परुळेकर समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र कौतुकाने बघत राहिले.

मग त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं. काकूंचा हात पर्सवर तसाच होता. परुळेकर पर्सकडे बघत राहिले, मग मागे वळून शीबाकडे, मग माझ्याकडे. मी कानावर हात ठेवले. खरोखरच ठेवले.

"तुका ऐकू येता?" त्यांनी विचारलं.

"येता."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही मला उंट दाखवलात, मी तुम्हाला कान दाखवला."

गणपतीसमोरचा शब्द त्या खोलीत येऊन बसला होता आणि तो आम्हा तिघांनाही दिसत होता. काकू 'पासपोर्ट' हा शब्द उच्चारतील म्हणून ते त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं. काकूंनी पर्सची चेन लावली, एवढंच.

"अब सच्चा टेस्ट करें, अंकल?" शीबा म्हणाली.

ही टेस्ट शब्दांची होती. बाहेरून माइकवर एक शब्द म्हणायचा आणि आत बसलेल्याने जसा ऐकू येईल तसा परत म्हणायचा. शीबाला मराठी येत नव्हतं, म्हणून शब्द काकूंनी म्हणायचे, ओठ वाचता येऊ नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरून. शब्द बरोबर आला की नाही ते मी सांगायचं. परुळेकर काचेपलीकडे हेडफोन लावून ताठ बसले. ह्या वेळी अंगठा नाही.

काकूंनी ठेवणीतलं शुद्ध मराठी काढलं. "कलिंगड."

"कलिंगड," परुळेकर म्हणाले.

"सेम?" शीबाने मला विचारलं.

"सेम."

"मीठ."

"पीठ."

"नॉट सेम."

शीबाने फुली मारली.

"सूप."

"तूप."

"ताट."

"वाट."

शेवट बरोबर येत होता, सुरुवात गळून पडत होती. शीबा म्हणाली असंच होतं, स्वर पोचतात, व्यंजनं वाटेत राहतात. एकामागून एक फुल्या पडत होत्या आणि परुळेकर मात्र प्रत्येक शब्द बेसिन पास करावं तशा खात्रीने सांगत होते. त्यांना कळत नव्हतं की ते चुकतायत. आम्हाला कळत होतं.

"लास्ट वन, आंटी," शीबा म्हणाली.

काकू थांबल्या. इतका वेळ स्वयंपाकघरातला एकेक जिन्नस निघत होता, आता डबे संपले असावेत असं मला वाटलं. त्यांनी कागद तोंडाच्या आणखी जवळ धरला.

"राहूया," काकू म्हणाल्या.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हा शब्द स्वयंपाकघरातला नव्हता. इतक्या वर्षांच्या 'यंदा जायचं ना'वर काकूंनी स्वतःच्या हाताने पाणी सोडलं होतं.

काचेपलीकडून परुळेकर म्हणाले, "जाऊया."

"सेम?" शीबाने विचारलं.

"वन्स मोअर," मी म्हटलं.

"राहूया," काकूंनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने, स्पष्ट.

परुळेकरांनी ह्या वेळी उत्तर द्यायला वेळ घेतला. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर नीट दाबला आणि काचेतून सरळ काकूंकडे बघितलं. चेहऱ्यावर बेसिन पास करतानाची मघाची खात्री नव्हती, कसली घाई नव्हती.

"जाऊया, गो," ते म्हणाले.

"कुछ एक्स्ट्रा बोला क्या?" शीबा म्हणाली. "सेम है?"

"नाही," मी म्हटलं. "नॉट सेम."

तिने फुली मारली आणि टेस्ट संपली म्हणून माइक बंद केला. काकूंनी तोंडासमोरचा कागद मात्र बराच वेळ खाली घेतला नाही.